पैशाचे वय

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला राहायला आल्यापासून गणपतीच्या दिवसांत संध्याकाळच्या आरतीला मी वेळेवर पोहोचले, असे फार थोड्या वेळा झाले आहे. भाद्रपद आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारची वर्षअखेर जवळजवळ दरवर्षी एकमेकांवर येतात, आणि सरकारी कंत्राटांवर चालणाऱ्या एका छोट्या संगणक-सेवा कंपनीत निविदा लिहिण्याचे काम करणाऱ्या बाईला त्या दिवसांत स्वतःची अशी संध्याकाळ उरत नाही. २०२३ साली गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि अनंतचतुर्दशी २८ तारखेला. त्यानंतर दोनच दिवसांनी, शनिवारी ३० सप्टेंबरला, मध्यरात्रीनंतर सरकार चालू राहणार की बंद पडणार याचा फैसला व्हायचा होता. दिवसभर घरात टीव्ही चालू होता आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तात्पुरती मंजुरी दिली, राष्ट्राध्यक्षांनी बारा वाजायच्या आत सही केली, आणि मी उरलेले दोन खर्चतक्ते पुन्हा तपासायला घेतले.

त्या रात्री मला वडिलांची आठवण येणे साहजिक होते. बाबा सांगली जिल्ह्यात शाळाखोल्यांच्या दुरुस्तीची आणि गावरस्त्यांवरच्या मोऱ्यांची कामे घेणारे लहान ठेकेदार होते. आमच्या घरात मार्च महिना कोणी मोठ्याने बोलत नसे. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली का, देयकावर सही झाली का, देयक कोषागारात वेळेत पोहोचले का, एवढेच विषय. ३१ तारखेपर्यंत न वापरलेला निधी व्यपगत होतो, हा ‘व्यपगत’ शब्द मी शाळेच्या पुस्तकात भेटण्याच्या कितीतरी आधी बाबांच्या तोंडून ऐकला होता. मला तो कळत नाही हे पाहून त्यांनी एकदा सोपे करून सांगितले होते, की सरकारचा पैसा एक वर्ष जगतो आणि ३१ मार्चच्या रात्री मरतो. इथल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्यांना फोनवर कामाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी विचारले, “तुमच्याकडेपण मार्च एंड असतो होय गं?” “असतो बाबा,” मी म्हटले, “फक्त तो सप्टेंबरात येतो.”

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की सरकारला एखाद्या गोष्टीची गरज पडली की निविदा निघते. गरज अर्थातच असते, आणि ती खरीही असते. पण एखाद्या खात्याची गरज चार-चार वर्षे फायलीत पडून राहिलेली आणि मग अकरा दिवसांत तिचे कंत्राट झालेले मी पाहिले आहे. संधी कधी दिसेल, किती मोठी असेल, तिला उत्तर द्यायला किती दिवस मिळतील, हे बहुतांशी त्यामागच्या पैशाचे त्या दिवशी वय किती आहे यावर ठरते. या व्यवसायात नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना मी पहिली गोष्ट सांगते ती हीच.

अमेरिकेचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, पण ते नेहमी तसे नव्हते. १८४३ पासून ते १ जुलैला सुरू होत असे. जूनअखेर विनियोजन विधेयके, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारी विधेयके, संमत होत नाहीत, वेळ कमी पडतो, म्हणून १९७४ च्या अर्थसंकल्पविषयक कायद्याने वर्षाचा आरंभ तीन महिने पुढे ढकलला. १९७६ च्या उन्हाळ्यात जुलै ते सप्टेंबर असा एक तुटक तिमाही काळ हिशेबापुरता वेगळा धरला गेला आणि १ ऑक्टोबर १९७६ पासून नवे वर्ष रुजू झाले. तीन महिने जास्त मिळाल्यावर काम वेळेत होईल ही त्यामागची अपेक्षा होती. त्यानंतरच्या जवळजवळ पन्नास वर्षांत सगळी नियमित विधेयके वेळेवर संमत झाल्याची आर्थिक वर्षे चारच आहेत: १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. माझ्या कंपनीतली निम्मी माणसे यांतल्या शेवटच्या वर्षानंतर जन्मलेली आहेत, म्हणजे वेळेवर मंजूर झालेला अर्थसंकल्प त्यांनी आयुष्यात पाहिलेलाच नाही.

कागदावरचे वेळापत्रक मात्र सुबक आहे. राष्ट्राध्यक्षांनी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी अर्थसंकल्पाचा प्रस्ताव काँग्रेसला पाठवायचा, काँग्रेसने त्यावर बारा विनियोजन विधेयके तयार करायची, आणि ती ३० सप्टेंबरच्या आत संमत व्हायची. त्याही आधी, प्रस्ताव पाठवण्याच्या जवळजवळ वर्षभर अगोदर, प्रत्येक खात्यात आकड्यांची जुळवाजुळव सुरू झालेली असते. शरद ऋतूत खाती आपल्या मागण्या व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाकडे पाठवतात, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस तिथून काटछाट होऊन उत्तर येते. त्यामुळे कोणत्याही दिवशी एखाद्या खात्यातला अधिकारी एकाच वेळी तीन वर्षांचा संसार सांभाळत असतो. चालू वर्षाचा पैसा खर्च करायचा, पुढच्या वर्षाचा काँग्रेसपुढे पटवून द्यायचा आणि त्याच्या पुढच्या वर्षाचा मनात आखायचा. त्याच्याशी बोलायला जाणाऱ्या ठेकेदाराला आपण यांतल्या कोणत्या वर्षाविषयी बोलतो आहोत हे ठाऊक नसेल, तर तो अधिकारी सभ्यपणे हसतो आणि भेट पंधरा मिनिटांत संपते. पहिली तीन वर्षे माझ्या अशा कित्येक भेटी पंधरा मिनिटांत संपल्या.

पैशापैशाचे आयुष्यही सारखे नसते. कार्यालये चालवण्याचा, पगार-सेवांचा पैसा साधारणपणे एक वर्ष जगतो. संरक्षण खात्यात संशोधन आणि चाचण्यांचा पैसा दोन वर्षे, शस्त्रसामग्रीच्या खरेदीचा तीन वर्षे, आणि जहाजबांधणीचा व लष्करी बांधकामांचा पाच वर्षे नव्या कामात बांधता येतो, म्हणजे कंत्राटावर सही करून त्या कामाच्या नावे लावता येतो. मुदत संपल्यावर तो पैसा लगेच नाहीसा होत नाही. आणखी पाच वर्षे तो खात्यावर राहतो, पण त्यातून जुन्या कंत्राटांची देणी तेवढी भागवता येतात, नवे काही विकत घेता येत नाही. त्यानंतर तो रद्द होतो. शिवाय ज्या वर्षाचा पैसा त्याच वर्षाच्या खऱ्या गरजेसाठी वापरावा असा एक जुना आणि कडक नियम आहे. पुढच्या वर्षी लागणारे कागद या वर्षीच्या पैशातून भरून ठेवता येत नाहीत.

या नियमाला सेवांच्या बाबतीत १९९० च्या दशकात एक दार ठेवले गेले, आणि माझ्यासारख्यांची निम्मी कंत्राटे त्या दारातून येतात. सलग चालणाऱ्या सेवेचे, उदाहरणार्थ संगणक-मदतकक्षाचे, कंत्राट एका आर्थिक वर्षात सुरू होऊन पुढच्या वर्षात जाणार असेल, तरी ते बारा महिन्यांपेक्षा लांब नसल्यास संपूर्ण रक्कम पहिल्या वर्षाच्या पैशातून बांधता येते. म्हणजे २८ सप्टेंबरला सही झालेले कंत्राट पुढच्या २७ सप्टेंबरपर्यंत त्याच, दोन दिवसांत मरणाऱ्या पैशावर जगते. इतकी सरकारी सेवा-कंत्राटे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात का सुरू होतात, याचे उत्तर या एका तरतुदीत आहे.

त्या आठवड्याविषयी जेफ्री लीबमन आणि नील महोनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ ते २००९ या वर्षांतल्या केंद्रीय कंत्राटांचा अभ्यास केला आहे. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च हा उरलेल्या वर्षाच्या साप्ताहिक सरासरीच्या ४.९ पट होता, असे त्यांना आढळले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांचे दुसरे निरीक्षण. मोठ्या संगणक-प्रकल्पांच्या दर्जाचे मूल्यमापन त्यांनी तपासले, तेव्हा शेवटच्या आठवड्यात दिलेली कामे स्पष्टपणे खालच्या दर्जाची निघाली. न्याय खात्याला मात्र न वापरलेला काही पैसा संगणक-प्रकल्पांसाठी पुढच्या वर्षात नेण्याची खास मुभा आहे, आणि त्या खात्यात ही घसरण दिसली नाही. पैशाला थोडे जास्त आयुष्य दिले की माणसे अधिक विचाराने खर्च करतात, याचा याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. ही मुभा इतर खात्यांना का देऊ नये याचे पटण्याजोगे उत्तर मला आजवर कोणाकडून मिळालेले नाही. काँग्रेसला भीती वाटते ती खर्चावरचा आपला वार्षिक लगाम सुटण्याची, आणि ती भीती मी समजू शकते. पण सप्टेंबरात घाईने घेतलेली आणि नंतर कोणी न उघडलेली सॉफ्टवेअरची परवानापत्रे मी डोळ्यांनी पाहिली आहेत, आणि तो पैसा करदात्यांचा होता.

बंधने नाहीत असे नाही. संरक्षण खात्याच्या विनियोजन कायद्यात, एका वर्षाच्या तरतुदीतले वीस टक्क्यांहून अधिक पैसे शेवटच्या दोन महिन्यांत बांधू नयेत, असे कलम असते. भारताच्या केंद्र सरकारनेही शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के अशी मर्यादा घातलेली आहे, आणि वर्षअखेरीची खर्चाची झुंबड हा वित्तीय औचित्याचा भंग मानावा असे तिथल्या वित्तीय नियमांत लिहिलेले आहे. २०१७ पासून भारताचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मांडला जाऊ लागला, त्याचेही कारण हेच होते, की एप्रिलच्या आरंभापासून खात्यांच्या हातात पैसा असावा. बाबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना बरे वाटले. त्यांच्या काळात नव्या वर्षाचा पैसा तालुक्याला पोहोचेपर्यंत पावसाळा येई, आणि मग डांबर टाकता येत नसे.

आमच्या इथला पावसाळा म्हणजे कंटिन्युइंग रिझोल्यूशन, ज्याला सगळे सीआर म्हणतात. भारतातल्या लेखानुदानाशी त्याचे नाते आहे, पण त्याची सवय फार जडली आहे. १ ऑक्टोबर उजाडतो, विधेयके झालेली नसतात, आणि काँग्रेस काही आठवड्यांपुरते सांगते की मागच्या वर्षाच्याच दराने चालवा. या काळात सर्वसाधारणपणे नवे काम सुरू करता येत नाही, जुने वाढवता येत नाही. चालू कंत्राटे चालतात, पण त्यांचा पैसा महिन्या-दोन महिन्यांच्या घासांनी येतो. जी निविदा ‘पहिल्या तिमाहीत’ निघणार असे खात्याच्या आगामी निविदांच्या यादीत लिहिलेले असते, ती दुसऱ्या आणि मग तिसऱ्या तिमाहीत सरकते. २०२५ च्या आर्थिक वर्षाचे तर पूर्ण वर्षच सीआरवर गेले; त्याच्यावर सही झाली ती १५ मार्च २०२५ रोजी, म्हणजे वर्षाचे साडेपाच महिने उलटल्यावर. एका नागरी खात्याच्या नव्या प्रकल्पासाठी आम्ही त्याआधी सव्वा वर्ष तयारी केली होती, दोन तज्ज्ञांना खास त्यासाठी कंपनीत ठेवून घेतले होते. तो प्रकल्प नवा असल्यामुळे निघालाच नाही. मोठ्या कंपन्या अशी माणसे दुसऱ्या कामावर वळवतात. आम्ही तेहतीस जणांची कंपनी आहोत. त्या दोघांना निरोप देताना मी खोलीत होते.

आणि सप्टेंबरातली गर्दी ही या ऑक्टोबर-मार्चच्या शांततेचीच दुसरी बाजू आहे. बारा महिन्यांचा पैसा सहा महिन्यांत खर्चायचा असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कंत्राट-अधिकारी संख्येने थोडे, कायद्याने ठरवलेल्या मुदती जिथल्या तिथे. मोठ्या निविदेची सूचना किमान पंधरा दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते आणि मग साधारणपणे उत्तरासाठी तीस दिवस द्यावे लागतात. म्हणून ऑगस्टच्या मध्यानंतर मोठी, खुली निविदा काढून ३० सप्टेंबरपूर्वी तिचा निकाल लावणे जवळजवळ अशक्य होते, आणि पैसा आखूड वाटांकडे वळतो. आधीच झालेल्या छत्र-कंत्राटांतले, म्हणजे ज्यांतून नंतर एकेक काम देता येते अशा मोठ्या करारांतले, छोटे कार्यादेश, चालू कंत्राटातली वाढ, आणि सोप्या पद्धतीने करता येणारी लहान खरेदी, या त्या वाटा. १ ऑक्टोबर २०२५ पासून या सोप्या खरेदीची मर्यादा अडीच लाख डॉलरवरून साडेतीन लाख डॉलर झाली आहे, आणि किरकोळ खरेदीच्या वरची व या मर्यादेच्या आतली कामे सर्वसाधारणपणे लघुउद्योगांसाठी राखीव असतात. कंत्राटांच्या एकूण रकमेपैकी २३ टक्के लघुउद्योगांना जावी हे सरकारी उद्दिष्टही वर्षअखेरीस खात्यांच्या डोळ्यांपुढे असते.

हे ऐकून दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीचे कोणी ना कोणी मला विचारतात, “ताई, सप्टेंबरात खूप पैसा सुटतो म्हणे, आमच्या कंपनीला काही मिळेल का?” त्यांचे मन मोडणे मला जड जाते, पण सप्टेंबरात पैसा सुटतो तो ज्यांची नावे वसंतातच कंत्राट-अधिकाऱ्याच्या वहीत लिहिली गेली आहेत त्यांच्याकडे. सॅम या सरकारी संकेतस्थळावरची नोंदणीच पूर्ण व्हायला कधी कधी अनेक आठवडे जातात. खरा मोलाचा काळ फेब्रुवारी ते मे हा आहे. तेव्हा अर्थसंकल्पाच्या प्रस्तावासोबत खात्यांची समर्थन-पुस्तके बाहेर येतात, आणि त्यांत कोणत्या कामाला किती पैसा मागितला आहे आणि का, हे खात्याच्याच शब्दांत लिहिलेले असते. हजारो पानांचे ते वाचन फार थोडे लोक करतात. मी करते, आणि मला ते आवडते. त्याच सुमारास ‘हे काम करू शकणारे कोण आहेत’ अशी चौकशी करणाऱ्या छोट्या सूचना निघतात. त्यांना उत्तर दिल्याने कंत्राट मिळत नाही, म्हणून नवे लोक त्या सोडून देतात. पण त्या उत्तरांवरूनच काम लघुउद्योगांसाठी राखीव ठेवायचे की नाही हे ठरते.

मात्र कोणत्याही तयारीने आवरता न येणारी एक गोष्ट या वेळापत्रकात आहे, आणि ती म्हणजे शटडाऊन. १९८० पर्यंत विधेयके रखडली तरी कार्यालये चालू राहत. त्या वर्षी अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी कायद्याचा अर्थ लावला, की तरतूद नसेल तर खात्याने काम थांबवलेच पाहिजे. पुढच्या वर्षी त्यांनी जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचा अपवाद स्पष्ट केला. तेव्हापासून तारीख चुकणे म्हणजे दारे बंद होणे. २०१३ मध्ये ती सोळा दिवस बंद होती, २०१८-१९ च्या हिवाळ्यात पस्तीस, आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत त्रेचाळीस दिवस.

त्या त्रेचाळीस दिवसांत आमच्या कार्यालयाच्या एकाच मजल्यावर दोन गट होते. एका गटाच्या कंत्राटात वर्षभराचा पैसा २६ सप्टेंबरला बांधला गेला होता, आणि त्यांचे काम सरकारी इमारतीत न जाता करता येत होते. त्यांच्या दृष्टीने ऑक्टोबर इतर कोणत्याही महिन्यासारखा गेला. समोरच्या गटाला पैसा टप्प्याटप्प्याने मिळत असे, आणि तो ३० सप्टेंबरपर्यंतचाच होता. त्यांना १ तारखेला काम थांबवण्याचा आदेश आला. दोन्ही गट एकाच खात्यासाठी तेच काम करतात. फरक केवळ एवढाच, की एका फायलीवर चार दिवस आधी सही झाली होती. नवरात्र गेले, २ ऑक्टोबरला दसरा झाला, दिवाळी आली. सरकारी कर्मचाऱ्यांना बंद काळातला पगार मागाहून द्यावा असा कायदा २०१९ मध्ये झाला आहे. ठेकेदारांच्या माणसांना त्यात जागा नाही. त्याच इमारतीत, त्याच मेजांवर बसणाऱ्या, बिल्ल्याचा रंग तेवढा वेगळा असलेल्या या माणसांचे बुडालेले दिवस बुडालेलेच राहतात. मला हा अन्याय वाटतो, आणि तो दुरुस्त करण्याची विधेयके मांडली जाऊनही कायद्यात उतरत नाहीत, याचा राग येतो.

समोरच्या गटात मदतकक्षावर काम करणारी एक सहकारी आहे, मूळची एल साल्वादोरची, दोन मुलींची आई. पहिले नऊ दिवस तिने साठवलेली रजा वापरली. त्यानंतर कंपनीने सगळ्यांसाठी अर्ध्या पगाराचे दोन आठवडे काढले, आणि त्यापलीकडे आमच्या मालकांकडे पैसा नव्हता. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी तिच्याकडे फराळाचा डबा घेऊन गेले. तिने दारातच मला विचारले ते हेच, की वॉशिंग्टनमध्ये आज काही हालचाल आहे का. मी बाबांना रात्री फोन केला, तेव्हा तेही पहिल्यांदा तिचीच चौकशी करत होते. त्यांच्याकडे कामाला असलेल्या गवंड्यांचे मार्चचे पैसे अडकले, की आईच्या पाटल्या कुठे जात, हे त्यांनी मला त्या रात्री प्रथमच सांगितले.

१३ नोव्हेंबरला सकाळी काम पुन्हा सुरू करण्याचे पत्र आले. ती साडेआठला हजर झाली, पासवर्ड विसरलेल्या चाळीस-एक लोकांचे फोन दुपारपर्यंत घेतले, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. धाकटीच्या पोहण्याच्या वर्गाचे पैसे फेब्रुवारी ते मे असे एकदम भरायचे होते, भरू का, असे ती विचारत होती. मी पत्र उघडून तिला दुसऱ्या पानावरची ओळ दाखवली. नवा सीआर ३० जानेवारी २०२६ पर्यंतचा होता, आणि आमच्या कंत्राटातला पैसाही तिथपर्यंतच होता. तिने ती तारीख फोनमध्ये लिहून घेतली आणि वर्गवाल्यांना महिन्या-महिन्याने पैसे चालतील का ते विचारायला बाहेर गेली.